दोन तेहतीस अकरा

आधीच सांगून टाकतो: जुलै २०१२ च्या ग्रिड-आपत्तीत बीड जिल्ह्याची लाइट गेली नाही. त्या दोन दिवसांत कुणाची गेलीच असेल, तर ती आपल्या नेहमीच्या भारनियमनाने किंवा डीपी जळाल्याने. अंधार पडला तो दिल्लीत, लखनौत, पाटण्यात, कोलकात्यात, गुवाहाटीत. पहिल्या दिवशी तीस कोटींहून जास्त माणसं त्यात सापडली, दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त. तरी हा घटनाक्रम परळी-अंबाजोगाईकडून सांगायला कारण आहे. परळी वैजनाथचं औष्णिक केंद्र आणि अंबाजोगाई तालुक्यातलं गिरवलीचं ४०० केव्ही उपकेंद्र ज्या पश्चिम ग्रिडमध्ये आहेत, ती त्या दोन्ही दिवशी शाबूत राहिली. आणि ग्रिड तुटत गेली त्या पाच सेकंदांत उत्तरेत काय चाललंय हे शाबूत राहिलेल्यांनाही कळलेलं नव्हतं.

ग्रिड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनोरे आणि तारा येतात. पण प्रत्येक लाइनच्या दोन्ही टोकांना रिले बसवलेले असतात आणि आजचा रिले म्हणजे एक छोटा संगणकच. देशभर असे हजारो संगणक पसरलेले आहेत. प्रत्येकाला आपल्या टोकाचं व्होल्टेज आणि करंट तेवढं दिसतं, आणि त्यावरून लाइन ठेवायची की तोडायची हे त्याला काही मिलिसेकंदांत ठरवावं लागतं. विचारायला वेळ नसतो. संगणकशास्त्रात या प्रकाराला रिअल-टाइम डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग म्हणतात: काम अनेक यंत्रांत वाटलेलं, आणि उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेतही यावं लागतं. या शास्त्रातले बरेच प्रश्न अजून सुटलेले नाहीत. जुलै २०१२ मध्ये ते एकापाठोपाठ एक समोर आले. पहिली लाइन तोडणाऱ्या रिलेने तर कुठलाही नियम मोडला नव्हता, नेमून दिलेलं कामच केलं होतं. सगळा पेच तिथे आहे.

जुलै २०१२, शेवटचा आठवडा

उत्तरेत पाऊस लांबला होता. शेतीपंप आणि शहरांतले कूलर मिळून मागणी चढलेली, आणि राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्यात, त्या मानाने मागणी कमी आणि वीज शिल्लक. ती शिल्लक उत्तरेकडे वाहत होती.

वाहण्याची मुख्य वाट होती मध्य प्रदेशातली बीना-ग्वाल्हेर आणि पुढे आग्रा. या मार्गावर ४०० केव्हीच्या दोन लाइनी होत्या. त्यांतली एक ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी रीतसर परवानगी घेऊन बंद ठेवलेली. राजस्थान-गुजरातकडच्या जोडण्यांपैकीही काही त्या दिवसांत बाहेर होत्या. एकेक बंद स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच होता, कागदपत्रांसह. सगळे एकत्र धरले तर पश्चिम आणि उत्तर ग्रिडमध्ये धड म्हणावी अशी एकच मोठी लाइन उरली होती.

२९ जुलै, रविवार, रात्र

भार वाढतो आहे हे नियंत्रण कक्षांना दिसत होतं. उत्तर विभागाच्या केंद्राने आपल्या राज्यांना ओढ कमी करा म्हणून कळवलं, पश्चिमेच्या केंद्राने आपल्याकडच्यांना निर्मिती कमी करा म्हणून. सूचना फोनवरून, लेखी. म्हणजे माणसाच्या गतीने.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचं चित्रही तसं जुनंच असतं. स्काडा नावाची जी यंत्रणा उपकेंद्रांतून आकडे गोळा करते, ती दर चार ते दहा सेकंदांनी एक फेरी मारते. त्यातला एक आकडा आत्ताचा, दुसरा तीन सेकंदांपूर्वीचा, तिसरा सात सेकंदांपूर्वीचा, आणि तिन्ही एकाच नकाशावर शेजारी-शेजारी. पडद्यावर दिसणारी ग्रिड त्या रूपात कधीच अस्तित्वात नसते. पसरलेल्या यंत्रणेचं एका क्षणाचं खरं चित्र, ती चालू असताना, न थांबवता कसं टिपायचं, यावर मणी चँडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ साली एक पद्धत मांडली. तिच्यातून मिळणारं चित्र सुसंगत असतं, पण ते हातात येईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. बँकेच्या हिशेबाला ते चालतं. ग्रिडला त्याहून ताजं लागतं.

३० जुलै, सोमवार, ०२:३२

श्रावणातला सोमवार. वैजनाथाच्या दर्शनाला पहाटेपासून रांग लावणाऱ्यांचा दिवस. ज्यांच्या फीडरला रात्रपाळीची थ्री-फेज मिळते त्यांची मात्र ही मोटार चालू करून पाणी धरायची वेळ.

ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.६८ हर्ट्झ. बीना-ग्वाल्हेरच्या उरलेल्या एकट्या लाइनवर सुमारे १,४५० मेगावॉट. अशा लाइनला जो भार सहज मानवतो त्याच्या दुपटीहून जास्त. एवढ्या ओढीने व्होल्टेजही खचलेलं, ४०० च्या जागी बीनाला पावणेचारशेच्या आसपास.

परळीचे संच आणि पंजाबातले संच त्या क्षणी एकाच लयीत फिरत असतात. दिंडीतल्या शेवटच्या रांगेतल्या टाळकऱ्यालाही पहिल्या रांगेचा ठेका चुकवून चालत नाही, तसं. औष्णिक केंद्रातला जनित्र-दांडा ५० हर्ट्झला मिनिटाला ३,००० फेरे घेतो, आणि एकमेकांशी जोडलेला प्रत्येक संच तो ठेका पाळतो. कुणी सांगावं लागत नाही, तारांतून वाहणारी वीजच त्यांना बांधून ठेवते. फक्त ओढ जितकी जास्त, तितकं दोन टोकांमधलं अंतर, ज्याला अभियंते कोन म्हणतात, रुंदावत जातं. बीना-ग्वाल्हेरवर तो कोन ताणला गेला होता. पण कोन मोजून क्षणोक्षणी पडद्यावर दाखवणारी यंत्रणा तेव्हा देशात प्रायोगिक आणि मोजक्या ठिकाणीच होती.

०२:३३:११

लाइन तुटली. तार तुटली नाही, झाड पडलं नाही, वीज कोसळली नाही. रिलेने ब्रेकर उघडला.

का उघडला, हे समजून घेण्यासारखं आहे. अंतर-रिले नावाचा हा प्रकार आपल्या टोकाचं व्होल्टेज भागिले करंट असा हिशेब सतत करत असतो. भागाकार लहान आला की तो म्हणतो, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. जवळचा शॉर्ट असेल तर ताबडतोब तोडायचं. लांबचा, म्हणजे पुढच्या लाइनच्याही पलीकडचा वाटला, तर थोडं थांबायचं, तिकडच्या रिलेला संधी द्यायची, त्यानेही काही केलं नाही तर मग आपण तोडायचं. या लांबच्या टप्प्याला झोन-३ म्हणतात. हा एक प्रकारचा शेजारधर्मच.

त्या रात्री व्होल्टेज खाली आणि करंट वर. भागाकार लहान होत होत झोन-३ च्या हद्दीत शिरला. शॉर्ट कुठेच नव्हता, भार मात्र होता. रिलेच्या आकडेमोडीत जबर भार आणि लांबचा शॉर्ट सारखेच दिसतात. त्याने नियमाप्रमाणे वाट पाहिली, दुसऱ्या कुणी काही केलं नाही (करण्यासारखं काही नव्हतंच), आणि त्याने लाइन सोडली.

दोष रिलेवर ढकलता येत नाही, सेटिंग करणाऱ्यावरही पूर्ण ढकलता येत नाही. सेटिंग केलं तेव्हा बाजूची लाइन चालू असणार होती. एका घटकाचा नियम स्वतंत्रपणे तपासून घेता येतो. पण वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गृहीतकांवर बसवलेले हजारो नियम एकत्र आले की त्यातून काय निपजेल, हे आधी सिद्ध करून दाखवण्याची खात्रीशीर रीत आजही नाही. शक्यता मोजायला बसलं तर घटकांच्या संख्येबरोबर त्या इतक्या वाढतात की कुठलाही संगणक पुरत नाही. संशोधक या प्रश्नाला निरनिराळी नावं देतात. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि सर्वांत कमी चर्चेचाही. कारण तो फक्त आपत्तीच्या वेळी दिसतो.

०२:३३:१२ ते ०२:३३:१६

मोठी वाट बंद झाली, पण वीज थांबत नाही. बीना-ग्वाल्हेरच्या शेजारच्या २२० केव्ही लाइनी तो भार घेऊ गेल्या आणि त्याही सुटल्या. मग पश्चिमेची वीज उत्तरेला जायला वळसा घेऊन निघाली: छत्तीसगडकडून ओडिशा-झारखंड, तिथून बिहार, तिथून उत्तर प्रदेश. एवढ्या लांबच्या वाटेवर कोन आणखी रुंदावला. उत्तरेतले संच आणि बाकीचे संच एकमेकांच्या लयीतून सुटू लागले. दोघांमधल्या लाइनींवर वीज झोके घेऊ लागली, आणि झोक्यातही व्होल्टेज भागिले करंट लहान येतं. एकेक रिले आपापल्या जागी तोच हिशेब करत गेला. जमशेदपूर-राऊरकेला, गोरखपूर-मुझफ्फरपूर, पाटणा-बलिया अशा लाइनी सेकंदाच्या अंशांच्या फरकाने गळत गेल्या. चार-पाच सेकंदांत उत्तर विभाग एकटा पडला.

इथे कुणीही विचारेल, हे सगळे रिले एकमेकांशी बोलत का नाहीत? सगळ्यांनी मिळून, इथे दोष नाही, कुणीच तोडू नका, असं ठरवलं असतं तर?

बोलायला वेळ लागतो. परळीहून दिल्ली सरळ रेषेत अकराशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जायला साडेपाच मिलिसेकंद, उत्तर यायला तेवढेच, आणि ते सरळ रेषेत, मधल्या यंत्रांचा उशीर न धरता. विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एक प्रश्न आणि एक उत्तर यातच अर्धं आवर्तन संपलं. पण ही झाली सोपी अडचण, कारण प्रकाशाचा वेग निदान ठरलेला तरी आहे. खरी अडचण अशी की नेटवर्कमध्ये उशीर ठरलेला नसतो. शंभरातले नव्व्याण्णव निरोप दहा मिलिसेकंदांत पोचतील, एखादा तीनशे घेईल, आणि संकटात, जेव्हा सगळेच एकदम बोलू लागतात, तेव्हा तो एखादाच नेमका आपला असतो. निरोप आला नाही याचा अर्थ पलीकडचा बंद पडला, की निरोप वाटेत आहे? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्येच गणिताने दाखवलं आहे की निरोपाच्या उशिराला वरची मर्यादा नसेल आणि एक जरी घटक बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्यांचं एकमत कधी ना कधी होईलच याची पक्की हमी देणारी, ठरावीक नियमांनी चालणारी कुठलीही पद्धत असू शकत नाही. शोधली नाही म्हणून सापडलेली नाही असं नव्हे, असूच शकत नाही.

म्हणून रिले एकटेच ठरवतात. एकमतासाठी थांबावं तर यंत्रं जळतात, आणि न थांबता अर्धवट माहितीवर ठरवावं तर ३० जुलै होते. आजचं संशोधन या दोन टोकांमध्ये जागा शोधतं आहे: किती माहितीसाठी किती थांबायचं, आणि निरोप न आल्यास कमीत कमी नुकसानीचा निर्णय कोणता, हे आधीच ठरवून ठेवायचं.

०२:३३:१६ नंतर

एकटी पडलेली उत्तर ग्रिड बाहेरून साडेपाच हजार मेगावॉटहून जास्त वीज घेत होती. ती एकदम नाहीशी झाली आणि फ्रिक्वेन्सी कोसळली. अशा वेळेसाठी शेवटची तटबंदी असते: फ्रिक्वेन्सी ठरावीक खाली गेली, किंवा फार झपाट्याने पडू लागली, की काही शहरं-गावं आपोआप तोडणारे रिले. कागदावर या रिलेंनी मिळून सुमारे दहा हजार मेगावॉटचा भार उतरवायचा होता. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. प्रत्यक्षात उतरला तो अगदीच अपुरा. राज्यांच्या उपकेंद्रांतले रिले कुठे देखभालीविना, कुठे निकामी. हा प्रश्न संशोधनाचा नाही, सरळ हलगर्जीपणाचा आहे. त्याला मोठं नाव देण्याची गरज नाही.

बदरपूर आणि नरोरा अणुवीज केंद्राच्या आसपासचा काही भाग सोडला तर उत्तर भारत काळा झाला. दिल्ली मेट्रो सकाळी वेळेवर निघू शकली नाही, रेल्वे जागच्या जागी.

आणि आपल्याकडे? पश्चिमेकडून जाणारी वीज एकदम अडली, घेणारा नाहीसा झाला, म्हणून उरलेल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५०.९२ वर चढली. परळी असो वा कोराडी, त्या घटकेला ग्रिडला जोडलेला औष्णिक संच मिनिटाला ३,००० ऐवजी ३,०५५ फेऱ्यांनी फिरत होता. बीड जिल्ह्यात ज्या शेतात तेव्हा मोटार चालू होती, तिथली मोटारही सुमारे दोन टक्के जास्त वेगाने फिरली. देशाच्या इतिहासातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या वीजसंकटाचा बीडला पोचलेला परिणाम म्हणजे पाटाचं पाणी काही वेळ जरा जोरात आलं.

०३:०० ते १६:००

ग्रिड विझायला काही सेकंद लागले, पेटवायला तेरा तासांहून जास्त. जलविद्युत केंद्रांपासून सुरुवात करून, पूर्व आणि पश्चिम विभागांकडून थोडी थोडी वीज घेत, थोडा भार जोडायचा, लय जुळली का पाहायचं, मग पुढचा. दुपारी चारपर्यंत उत्तर विभाग पूर्ववत झाला.

इथे एक आठवण नोंदवावी लागते, कारण माणूस वेळीच का हलला नाही हा प्रश्न दरवेळी निघतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात पाच कोटी लोकांची वीज गेली. तिथे ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातलं धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमाराला बंद पडलं, आणि ते बंद पडलंय हे कुणाला कळलंच नाही. एकाच माहितीवर दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहायला गेल्या आणि प्रणाली अडकली. लाखो ओळींच्या प्रोग्रामात मिलिसेकंदांची ती एक खिडकी शोधून काढायला नंतर तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले. त्या दिवशी सूचना येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ घेऊन माणसं तासाहून जास्त वेळ बसून होती.

३१ जुलै, मंगळवार, १३:००:१३

पुन्हा बीना-ग्वाल्हेर. तीच लाइन, तोच झोन-३. या वेळी तिच्यावर आदल्या दिवसापेक्षा कमीच, सुमारे १,२५० मेगावॉट होते, पण व्होल्टेज आणखी खचलेलं. भागाकार तोच आला. आदल्या दिवशी ज्या गृहीतकाने घात केला ते चौतीस तासांनीही रिलेत तसंच बसलेलं होतं. सेटिंग बदलायचं तर आजूबाजूच्या सगळ्या रिलेंशी ताळमेळ पुन्हा तपासावा लागतो, आणि तो चालू ग्रिडवर घाईत करणं हेही जोखमीचंच. मला तरी हे कारण पुरेसं वाटत नाही. भार कमी ठेवणं हातात होतं.

या खेपेला तुटण्याची जागा सरकली. झोक्याचा मध्य पश्चिम आणि पूर्व विभागांच्या सीमेजवळ होता, म्हणून ग्रिड तिथे फाटली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एका बाजूला पडले आणि मग तिघेही गेले. राऊरकेला-रांचीचा तुकडा पश्चिमेला चिकटून राहिला म्हणून वाचला. एकूण सुमारे ४८,००० मेगावॉट. पश्चिमेत फ्रिक्वेन्सी ५१.४ वर गेली, म्हणजे दांडा ३,०८४ फेऱ्यांवर, आणि काही संच स्वतःला वाचवण्यासाठी बाहेर पडले. पश्चिम ग्रिड वाचली खरी, पण काठावरच.

दक्षिण दोन्ही दिवशी निवांत होती. ती बाकीच्या देशाशी डीसी जोडण्यांनी बांधलेली होती, आणि डीसीत लय जुळवावी लागतच नाही. जे एका ठेक्यात नव्हते ते ठेका चुकल्यावर पडलेही नाहीत.

त्याच दिवशी, रात्रीपर्यंत

तीनशेहून जास्त गाड्या रुळांवर थांबल्या. पश्चिम बंगाल आणि झारखंडमधल्या कोळसा खाणींत शेकडो कामगार लिफ्ट बंद पडल्याने जमिनीखाली अडकले, नंतर सुखरूप वर आले. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळात खातेबदल होऊन ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री झाले.  रात्री साडेनऊपर्यंत ग्रिड उभी राहिली.

१६ ऑगस्ट २०१२

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या समितीने अहवाल दिला. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत, पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची एक. कोणती लाइन आधी तुटली आणि कोणती नंतर, हे लावायला बसल्यावर समितीला आढळलं की अनेक उपकेंद्रांतल्या नोंदयंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेलीच नव्हती. पाच सेकंदांची घटना, आणि तिच्या साक्षीदारांच्या घड्याळांत फरक. अशा वेळी नोंदीवर छापलेली वेळ पुरावा ठरत नाही. या लाइनीने भार टाकल्याशिवाय त्या लाइनीवर तो येऊच शकत नाही, अशा कार्यकारणावरून क्रम लावत बसावं लागतं. लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात नेमकं हेच म्हटलं होतं: पसरलेल्या यंत्रणेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे घड्याळावरून नव्हे, कुणाचा परिणाम कुणापर्यंत पोचू शकला यावरून ठरतं.

पण ग्रिडला नुसता क्रम पुरत नाही, खरी वेळच लागते. ५० हर्ट्झला एका आवर्तनात ३६० अंश. घड्याळात एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे कोनात १८ अंशांची. एक मायक्रोसेकंदाची चूक असेल तर ०.०१८ अंश. उपग्रहावरून मिळणारी जीपीएसची वेळ मायक्रोसेकंदाच्या आत नेमकी असते, आणि तिच्या आधारे दूरदूरच्या उपकेंद्रांतले कोन एकाच क्षणी मोजणारं यंत्र १९८८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झालं. ते घडवणारे प्राध्यापक होते अरुण फडके. शिक्षण आग्रा विद्यापीठ आणि आयआयटी खरगपूर. जी वाट बीना-ग्वाल्हेरहून आग्र्याला जाते, तिच्यावरचा कोन वेळेत दाखवू शकलं असतं ते यंत्र आग्र्याच्या पदवीधराने चोवीस वर्षं आधी बनवून ठेवलं होतं. फेझर मापक, म्हणजे पीएमयू, असं त्याचं नाव. २०१२ नंतर देशभर हजाराहून जास्त पीएमयू बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. स्काडा चार ते दहा सेकंदांत एक आकडा देते, पीएमयू सेकंदाला पंचवीस.

मग प्रश्न सुटला का? दिसण्याचा बराचसा सुटला, ठरवण्याचा नाही. शिवाय नवा प्रश्न आला: सगळी भिस्त ज्या उपग्रहाच्या घड्याळावर, त्याचा क्षीण संकेत जमिनीवरून दाबता येतो, खोटा पाठवता येतो. घड्याळं परस्परांत जुळलेली पण सगळीच चुकलेली असतील, तर ते आतून कसं ओळखायचं?

३१ डिसेंबर २०१३

सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिडही बाकीच्या देशाच्या लयीत आली. आता सगळा भारत एका फ्रिक्वेन्सीवर. वीज स्वस्तात इकडून तिकडे नेता येते, एखादा मोठा संच बंद पडला तर धक्का सगळ्यांत वाटला जातो. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले, तेव्हा ग्रिडने ते निमूट सोसलं. पण २०१२ मध्ये डीसीच्या आडोशाला सुरक्षित राहिलेला भाग आता उरलेला नाही.

५ एप्रिल २०२०, २१:००

टाळेबंदीत पंतप्रधानांनी नऊ मिनिटं दिवे बंद करायला सांगितले. सर्वांना आठवत असेल, ग्रिड पडणार म्हणून किती चर्चा झाली. मागणी ३१,००० मेगावॉटने उतरली आणि परत चढली, आणि काहीही झालं नाही. २०१२ च्या पहिल्या रात्रीच्या तुटीपेक्षा हा हेलकावा कितीतरी मोठा. फरक एवढाच की याची वेळ दोन दिवस आधी माहीत होती. व्हिएन्नाचे हर्मन कोपेट्झ आयुष्यभर हेच सांगत राहिले: जिथे चूक जीवघेणी ठरते तिथे घटना घडली की धावा अशी रचना करू नका, प्रत्येक घटकाने कधी काय करायचं याचं वेळापत्रक आधी बांधा. विमानांत, गाड्यांत ते वापरलं जातं. पण झाड पडायचं वेळापत्रक कोण बांधणार?

१२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहा

मुंबई. कळवा-पडघे परिसरातल्या ४०० केव्ही लाइनींपैकी काही सकाळपासून बाहेर, उरलेल्यांवर भार, आणि दहाच्या सुमाराला साखळी. लोकल थांबल्या. अशा वेळी मुंबईने बाकीच्या ग्रिडपासून स्वतःला तोडून शहरातल्या वीजकेंद्रांवर तगावं, अशी ‘बेट’ करण्याची व्यवस्था चार दशकांपासून होती. आधी ती अनेकदा कामाला आली. त्या दिवशी बेट टिकलं नाही. शहरात होणारी निर्मिती आणि शहराचा भार यांत अंतर फार होतं, आणि भार पुरेसा वेळेत उतरला नाही. बेटाची सीमा ज्या काळी आखली, त्या काळची मुंबई राहिली नव्हती.

२८ एप्रिल २०२५, १२:३३

स्पेन आणि पोर्तुगाल. भर दुपार, ऊन चांगलं, सौरऊर्जेचा वाटा मोठा. पाच सेकंदांत सुमारे १५ गिगावॉट निर्मिती नाहीशी झाली आणि दोन देश बंद पडले. तिथलं मूळ फ्रिक्वेन्सीत नव्हतं, चढत गेलेल्या व्होल्टेजमध्ये होतं. पुन्हा तेच: प्रत्येक केंद्राने स्वतःला वाचवायला माघार घेतली आणि प्रत्येक माघारीने व्होल्टेज आणखी चढलं.

आपल्याकडे बालाघाटाच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, शेतीच्या फीडरना दिवसा वीज द्यायला सौरप्रकल्प येत आहेत. रात्री-अपरात्री मोटार लावायला जाणं टळतं, साप-विंचवाची भीती टळते. हे व्हायलाच हवं होतं. पण परळीच्या एका संचाचा फिरता दांडा म्हणजे कित्येक टनांचं लोखंड. त्या घुमण्यात काही सेकंद पुरेल इतकी ऊर्जा साठलेली असते, आणि ग्रिडला धक्का बसला की ती आपोआप बाहेर येते, कुणाला न विचारता. सौरपॅनलचं इन्व्हर्टर फिरत नाही. त्याच्याकडे ती शिदोरी नसते, असतो तो फक्त एक प्रोग्राम. दुपारी बारा वाजता ग्रिडमध्ये फिरतं लोखंड जितकं कमी, तितकी धक्क्यानंतर फ्रिक्वेन्सी झपाट्याने पडते. २०१२ मध्ये उत्तर ग्रिड तुटायला चार-पाच सेकंद लागले. पुढच्या वेळी हिशेब करायला रिले आणि इन्व्हर्टरना त्याहून कमी वेळ मिळेल, आणि ठरवणारे हजारो नसतील, लाखो असतील, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आपापल्या सॉफ्टवेअरसह. ग्रिडला स्वतः लय पुरवणारे इन्व्हर्टर बनत आहेत, पण असे हजारो एकत्र आले तर ते एकमेकांना सावरतील की ओढतील, याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या दहा-वीस यंत्रांवरून काढता येत नाही. गिरवलीच्या उपकेंद्रात बसवलेल्या रिलेला आजही आपल्या टोकाचं व्होल्टेज आणि करंट एवढंच दिसतं, आणि भागाकार लहान आला तर तो वाट पाहून ब्रेकर उघडतो.